दोराच्या शिडीवर टांगलेला व्यापार

न्हावाशेव्याला माल अडकला की त्याची चर्चा मशीद बंदरापासून वाशीच्या घाऊक बाजारापर्यंत पोहोचायला वेळ लागत नाही. कस्टमची कागदपत्रे, ट्रकवाल्यांचा संप, डॉलरचा भाव, वेळेत न सोडवलेल्या कंटेनरवर चढत जाणारे डिमरेज या विषयांवर व्यापारी मंडळी तासन्‌तास बोलू शकतात. परंतु खजुराचा किंवा सुक्या मेव्याचा तो कंटेनर घेऊन येणारे जहाज धक्क्याला लागण्यापूर्वी एक माणूस भर समुद्रात हलत्या बोटीच्या काठावर उभा राहतो, चालत्या जहाजाच्या कुशीला लोंबणारी दोराची शिडी पकडतो आणि वर चढून जातो, याची कल्पना आपल्यापैकी किती जणांना असते?

या माणसाला बंदराचा पायलट म्हणतात. विमानाच्या पायलटशी त्याचा संबंध नाही. देशाच्या परदेशी व्यापारापैकी वजनाच्या हिशेबाने सुमारे ९५ टक्के माल समुद्रमार्गे ये-जा करतो, असे केंद्र सरकारचे नौवहन मंत्रालय सांगते. त्यातले जवळजवळ प्रत्येक मोठे जहाज बंदरात शिरताना आणि बंदर सोडताना या पायलटच्या हाताखालून जाते. म्हणजेच आपला सारा परदेशी व्यापार रोज काही मिनिटे दोराच्या एका शिडीवर टांगलेला असतो. ही शिडी नीट असावी यासाठी लागणारा खर्च जहाजाच्या किमतीच्या मानाने नगण्य आहे. तरीही ती नीट नसते, आणि नीट नसली तरी पायलटने चढावे अशी अपेक्षा केली जाते. याच अपेक्षेविरुद्ध हा लेख आहे.

वाट दाखवणारा

आपल्या किनाऱ्यावर गलबतांच्या काळात समुद्राची वाट जाणणाऱ्याला ‘मालम’ म्हणत. अरबीतील ‘मुअल्लिम’, म्हणजे शिकवणारा, या शब्दावरून तो आला. १४९८ साली वास्को द गामा आफ्रिकेच्या मालिंदीहून कालिकतला पोहोचला तोही या भागातला समुद्र ठाऊक असलेल्या एका वाटाड्याच्या भरवशावर. मोठमोठे समुद्र पार करणाऱ्या कप्तानालाही अनोळखी किनाऱ्यावर स्थानिक माणसाची गरज लागते, ही गोष्ट तेव्हाही खरी होती आणि उपग्रहावरून आपली जागा कळत असतानाही खरी आहे.

याचे कारण साधे आहे. खोल समुद्रात जहाजाला चहूबाजूंनी मोकळे पाणी असते. बंदरात ते नसते. मुंबईचेच उदाहरण घ्या. येथे मोठ्या भरतीला आणि ओहोटीला पाण्याच्या पातळीत चार मीटरहून अधिक फरक पडतो. मोठ्या जहाजांना गाळ उपसून खोल केलेल्या अरुंद जलमार्गातूनच यावे लागते आणि हा मार्ग मुंबई बंदर व जवाहरलाल नेहरू बंदर या दोघांच्या जहाजांना वापरावा लागतो. त्यातच मासेमारीच्या होड्या, मांडव्याच्या लाँच, तेल उतरवणारी जहाजे आणि नौदलाच्या बोटी. मुंबईच्या इंदिरा गोदीत जायचे तर दरवाजाच्या अरुंद तोंडातून जहाज आत घ्यावे लागते. तिकडे कोलकात्याला जाणाऱ्या जहाजाला समुद्रापासून दोनशे किलोमीटरहून अधिक अंतर पायलटच्या भरवशावर कापावे लागते, आणि हुगळीच्या पात्रातील वाळूचे बांध आपली जागा बदलत राहतात. नकाशा छापून होईपर्यंत नदी पुढे गेलेली असते. हे ज्ञान पायलटच्या डोक्यात असते.

म्हणूनच पायलट घेणे जहाजाच्या मर्जीवर सोडलेले नाही. १९०८ च्या भारतीय बंदर कायद्याने, ज्या बंदरांना ते कलम लागू होते तेथे, दोनशे टन आणि त्याहून मोठ्या जहाजाला पायलटशिवाय ये-जा करण्यास मनाई केली होती. त्या जुन्या कायद्याच्या जागी संसदेने २०२५ मध्ये नवा बंदर कायदा संमत केला. पण पायलटची गरज काही जुनी झालेली नाही.

पायलट जहाजावर आला म्हणून कप्तानाची जबाबदारी संपत नाही. जहाज कप्तानाचेच राहते. पायलट वर पोहोचताच दोघे एकमेकांना माहिती देतात. जहाज किती खोल बसले आहे, इंजिन कसे चालते, सुकाणू किती वेळात वळते, हे कप्तान सांगतो. पाण्याचा ओघ, टग किती मिळणार, धक्का कोणता, हे पायलट सांगतो. त्यानंतर पुढचा तास-दोन तास हजारो टनांचे ते जहाज पायलटच्या सूचनांवर चालते.

पायलटचे मोल काय असते ते २६ मार्च २०२४ रोजी अमेरिकेतील बाल्टिमोर येथे दिसले. ‘दाली’ नावाच्या कंटेनर जहाजाची वीज पुलाच्या तोंडाशीच गेली. जहाजावर पायलट होता. त्याने नांगर टाकण्यास सांगितले आणि पुलावरची वाहतूक थांबवण्याचा निरोप किनाऱ्यावर धाडला. पोलिसांनी गाड्या अडवल्या आणि थोड्याच वेळात पूल कोसळला. पुलावर काम करणारे सहा मजूर मृत्युमुखी पडले. गाड्या थांबल्या नसत्या तर हा आकडा कुठे गेला असता याचा विचारच करवत नाही. त्या जहाजावरचे बहुतेक खलाशी भारतीय होते. पुढे अमेरिकन चौकशी मंडळाने २०२५ मध्ये निष्कर्ष काढला की वीज जाण्याचे मूळ एका सैल तारेत होते. तारेवरची नावपट्टी चुकीच्या जागी बसवल्यामुळे ती नीट जोडली गेली नव्हती. एवढ्या मोठ्या जहाजाला एवढीशी तार पुरली. शिडीचे प्रकरणही असेच आहे.

शिडी कशी असावी

आजच्या पायलटकडे आधुनिक साधनांची उणीव नाही. स्वतःच्या टॅबलेटवर जहाजाची नेमकी जागा, वेग आणि वळण दाखवणारे यंत्र तो पाठीवरच्या पिशवीतून नेऊ शकतो. जहाजावर रडार असते, इलेक्ट्रॉनिक नकाशे असतात, आसपासच्या जहाजांची नावे पडद्यावर दिसतात. परंतु या सर्व साधनांपर्यंत पोहोचण्याची वाट मात्र लाकडी पायऱ्यांची आणि मनिला दोराचीच राहिली आहे. हेलिकॉप्टरने पायलट उतरवण्याची सोय दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया वगैरे देशांतील काही बंदरांनी केली. परंतु ती खर्चिक असल्याने बाकीच्या जगाचे काम शिडीवरच चालते. यांत्रिक पाळण्याने पायलटला वर ओढून घेण्याची पद्धत एकेकाळी होती. तिच्या वापरावर २०१२ पासून आंतरराष्ट्रीय नियमांनी बंदी घातली.

दोराची शिडी वाईट नाही. नीट बनवलेली, नीट बांधलेली शिडी हे आजही भरवशाचे साधन आहे. तिचे नियमही काही गूढ नाहीत. सागरी जीवितसुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय करारात, ज्याला सोलास म्हणतात, पाचव्या प्रकरणाचा तेविसावा नियम यासाठीच आहे. दोन पायऱ्यांमधील अंतर ३१० ते ३५० मिलिमीटर असावे. सर्वांत खालच्या चार पायऱ्या रबराच्या असाव्यात. शिडी पिळली जाऊ नये म्हणून मधूनमधून किमान १८० सेंटिमीटर लांबीची आडवी फळी असावी. पायलटने पाण्यापासून ९ मीटरपेक्षा अधिक चढू नये. जहाजाची भिंत त्याहून उंच असेल तर वरून तिरपा जिना सोडावा आणि खाली दोराची शिडी लावून दोन्हींचा मेळ घालावा. शिडी डेकला भक्कम बांधलेली असावी. जवळ दिव्यासह जीवरक्षक कडे असावे, रात्री पुरेसा उजेड असावा, आणि ब्रिजशी वायरलेसवर बोलू शकणारा जबाबदार अधिकारी तेथे स्वतः उभा असावा.

हे सर्व का, ते चढणाऱ्याच्या जागी उभे राहिल्याशिवाय कळत नाही. जहाज थांबवून पायलटला घेत नाहीत. साधारण सहा ते आठ नॉटच्या वेगाने ते चालूच असते. वाऱ्याला आपली कूस देऊन ते पायलट बोटीला आडोसा करते. बोट लाटेवर वरखाली होत असते. बोट लाटेच्या माथ्यावर आली की नेमक्या त्या क्षणी पायलटने शिडी पकडून वर सरकायचे. एक क्षण अलीकडे-पलीकडे झाला तर खालून उसळून येणारी बोट पाय चिरडते. पावसाळ्याच्या चार महिन्यांत, रात्री दोन वाजता, ओल्या दोरावर हे करताना पायलटचा भरवसा फक्त दोन गोष्टींवर असतो: आपल्या बोटीचा तांडेल आणि परक्या जहाजाने लावलेली शिडी. पहिल्याला तो ओळखतो. दुसरी त्याने कधी पाहिलेली नसते.

नियम आहेत, शिडी नाही

३० डिसेंबर २०१९ रोजी न्यूयॉर्क बंदराबाहेर ‘मर्स्क केन्सिंग्टन’ या कंटेनर जहाजावर चढताना एक अनुभवी पायलट खाली कोसळला आणि मरण पावला. त्या जहाजाचा जिना आणि शिडी यांच्या जोडणीत एक चौकोनी झडप होती. नियमानुसार दोराची शिडी जिन्याच्या खालच्या फळीवरून आणखी दोन मीटर वर गेलेली असावी लागते, म्हणजे पायलट सरळ चढून आडवा पाऊल टाकू शकतो. पण या तऱ्हेच्या मांडणीत शिडी फळीखालीच संपते. मग हाताने स्वतःला झडपेतून वर ओढून घेत, अंग वळवत फळीवर यावे लागते. अशी मांडणी धोक्याची असल्याचे पायलट मंडळी त्याआधीपासून सांगत होती. तरीही ती जहाजांवर होती आणि तिच्यावरून रोज चढउतार चालू होती.

पायलटांची आंतरराष्ट्रीय संघटना दरवर्षी काही दिवस जगभरच्या शिड्यांची पाहणी करते. दहापैकी एकाहून अधिक जहाजांवर काही ना काही नियमबाह्य सापडते, असे या पाहण्या सांगत आल्या आहेत. कुठे पायरी तिरपी झालेली, कुठे दोर कुजलेला, कुठे शिडी कठड्यालाच गुंडाळून टाकलेली, तर कुठे जबाबदार अधिकाऱ्याचा पत्ताच नाही. आपल्याकडच्या इमारतीत दहा लिफ्टपैकी एक लिफ्ट धोक्याची आहे असे कळले तर आपण त्या इमारतीत पाऊल टाकू काय?

मग ही परिस्थिती का टिकून आहे? माझ्या मते याचे उत्तर दोराच्या दर्जात सापडणार नाही. ते व्यवहारात आहे. शिडी जहाजाची, पण जीव पायलटचा. जहाजाच्या मालकाला शिडी बदलण्याचे बिल दिसते. न बदलण्याचे बिल त्याच्याकडे येत नाही. पायलटने वाईट शिडी पाहून परत फिरायचे ठरवले तर काय होते? भरतीची वेळ टळते. जहाज नांगर टाकून पडून राहते. मोठ्या जहाजाचे भाडे दिवसाला हजारो डॉलर असते. टग, धक्क्यावरचे कामगार, क्रेन, पुढचे जहाज, सगळ्यांचे वेळापत्रक कोलमडते. जहाजाचा एजंट बंदराला फोन करतो आणि प्रश्न पायलटला विचारला जातो, “काल तर दुसऱ्या जहाजावर असेच चढलात, आज काय झाले?” असा प्रश्न एकदा विचारला गेला की पुढच्या वेळी माणूस दात-ओठ खाऊन चढून जातो.

दोष काही अंशी पायलटांचाही आहे, हे नाकारता येणार नाही. बहुतेक पायलट स्वतः कप्तानपदाची परीक्षा दिलेले, वर्षानुवर्षे समुद्रावर काढलेले लोक असतात. कसल्याही शिडीवरून चढून जाण्यात त्यांना एक प्रकारची मर्दुमकी वाटते. वर गेल्यावर कप्तानाला दोन शब्द सुनावले की प्रकरण तेथेच मिटते. लेखी तक्रार होत नाही. परिणामी तीच शिडी पुढच्या बंदरातल्या पायलटसमोर टांगली जाते. ज्या चुकीची नोंद नाही ती चूक कागदावर झालेलीच नसते.

शिडी बांधणारा हातही आपलाच

कोकणच्या वाचकांना या विषयात आणखी एका बाजूने लक्ष घालावे लागेल. रत्नागिरी आणि रायगड जिल्ह्यांतील कित्येक घरांत पिढ्यान्‌पिढ्या कोणी ना कोणी बोटीवर आहे. जगातील जहाजांना माणसे पुरवणाऱ्या पहिल्या पाच देशांत भारताची गणना होते. म्हणजे चढणारा पायलट ज्या देशाचा असेल त्याचा असो. शिडी बांधणारा सारंग किंवा खलाशी आपल्या दापोलीचा, मुरुडचा, राजापूरचा असू शकतो. सोळा-सोळा तासांच्या पाळीनंतर, अर्धवट झोपेत, पावसात, वरून आलेल्या घाईच्या हुकमावर तो ती शिडी बांधतो. दोर कुजला आहे हे त्याला दिसते. नवी शिडी मागवा असे कप्तानाला सांगण्याची हिंमत त्याला नेहमीच होते असे नाही. म्हणून शिडीचा प्रश्न पायलटविरुद्ध खलाशी असा मांडणे चूक ठरेल. बांधणारा आणि चढणारा हे दोघेही एकाच दोराला धरून आहेत.

आमच्या तरुणांना एवढेच सांगावेसे वाटते: गाठ तुम्ही मारता, तेव्हा त्या गाठीवर एका अनोळखी घराचा कर्ता पुरुष चढणार असतो. बिघडलेली शिडी दिसली तर ती वहीत लिहा, अधिकाऱ्याला दाखवा, आणि लिहिल्याची तारीख स्वतःजवळ ठेवा. सागरी प्रशिक्षण देणाऱ्या संस्थांनीही परीक्षेपुरते चित्र काढून घेण्याऐवजी मुलांकडून शिडी प्रत्यक्ष बांधून घ्यावी आणि शिक्षकाने स्वतः तिच्यावर चढून दाखवावे.

काय करता येईल

आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या सुरक्षा समितीने जून २०२५ मध्ये या नियमांत दुरुस्त्या मंजूर केल्या. त्या १ जानेवारी २०२८ पासून लागू व्हावयाच्या आहेत. शिडीचा दर्जा, तिची तपासणी आणि तिचे आयुष्य यांबाबत अधिक कडक अटी त्यात आहेत. हे पाऊल स्वागतार्ह आहे. परंतु नियम होते तेव्हाही शिड्या वाईट होत्या, हे विसरून चालणार नाही. बंदरांनी स्वतः काही गोष्टी केल्याशिवाय नवे कलम जुन्या कलमासारखेच फायलीत राहील.

पहिली गोष्ट, वाईट शिडी नाकारण्याचा पायलटचा अधिकार प्रत्येक बंदराने लेखी मान्य करावा आणि नाकारल्याबद्दल त्याला कोणीही जाब विचारणार नाही अशी हमी द्यावी. दुसरी, अशा नकारामुळे होणाऱ्या उशिराचा सर्व खर्च जहाजाच्याच खात्यावर पडावा. पायलट बोटीची रिकामी फेरी, टगचे भाडे, हुकलेला धक्का, सगळे. ज्या दिवशी खराब शिडीची किंमत मालकाच्या बिलात दिसू लागेल, त्या दिवशी नवी शिडी विकत घेतली जाईल. व्यापारी माणसाला हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

तिसरी, जहाज बंदराजवळ येण्यापूर्वीच बांधलेल्या शिडीचे छायाचित्र आणि शिडी बनवल्याची तारीख मागवून घ्यावी. आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. हे काम फुकटात होण्यासारखे आहे. चौथी, पायलटची प्रत्येक तक्रार परदेशी जहाजे तपासणाऱ्या सरकारी निरीक्षकांकडे त्याच दिवशी पोहोचावी. गंभीर दोष असेल तर जहाज अडवून ठेवण्याचा अधिकार त्यांना आहे. तो शिडीसाठीही वापरला जातो हे मालकांना कळू द्यावे.

पाचवी गोष्ट आपल्या स्वतःच्या घरातली. पायलट बोटी जुन्या असतील, त्यांच्या डेकवर पाय घसरत असेल, पाण्यात पडलेल्या माणसाला वर घेण्याची सोय त्यांवर नसेल, तर परक्या जहाजाला बोलण्याचा अधिकार आपल्याला राहत नाही. आपोआप फुगणारे लाइफ जॅकेट, पाण्यात पडल्यावर ठिकाण कळवणारे यंत्र, आणि माणूस पाण्यातून काढण्याचा नियमित सराव, एवढे तरी प्रत्येक बंदरात असावे. मोठ्या बंदरांबरोबरच कोकण किनाऱ्यावरच्या खाजगी बंदरांना आणि जेट्ट्यांनाही हाच मापदंड लावला पाहिजे. लाट सरकारी आणि खाजगी असा भेद करत नाही.

पालघर जिल्ह्यात वाढवण येथे ७६ हजार कोटी रुपयांहून अधिक खर्चाचे बंदर उभारण्यास केंद्र सरकारने जून २०२४ मध्ये मंजुरी दिली. त्या बंदराविषयी मच्छीमारांचे आक्षेप आहेत आणि तो स्वतंत्र चर्चेचा विषय आहे. येथे मुद्दा इतकाच की एवढ्या पैशाच्या बंदरातही पहिले जहाज येईल तेव्हा त्यावर एक माणूस शिडीनेच चढणार आहे. क्रेन किती उंच आणि धक्का किती लांब याचे आकडे छापून येतील. त्या शिडीची पायरी कोणी मोजली का, हे कोणी विचारणार नाही.

मुंबईकरांना ७ ऑगस्ट २०१० ची आठवण असेल. ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया’ या जहाजांची मुंबई बंदराच्या तोंडाशी टक्कर झाली, शेकडो कंटेनर पाण्यात पडले, तेल किनाऱ्याला लागले आणि जलमार्ग काही दिवस बंद ठेवावा लागला. त्याची कारणे वेगळी होती, शिडीशी त्यांचा संबंध नव्हता. परंतु बंदराचे तोंड बंद झाले की बाजाराचे काय होते, हे तेव्हा व्यापाऱ्यांनी अनुभवले. ते तोंड रोज सुरळीत उघडे राहते ते या मूठभर पायलटांमुळे.

व्यापारी संघटना बंदरांच्या अधिकाऱ्यांना भेटतात तेव्हा त्यांच्या निवेदनात भाडे, साठवणूक आणि कस्टम यांचीच कलमे असतात. पुढच्या निवेदनात एक कलम वाढवावे: पायलटने शिडी नाकारली म्हणून आमच्या मालाला उशीर झाला तर आमची तक्रार जहाजाविरुद्ध असेल, पायलटविरुद्ध नाही. एजंटाच्या फोनमागे ज्याचे नाव पुढे केले जाते तो व्यापारीच असे म्हणू लागला, तर शिडीवर उभ्या असलेल्या माणसाला परत फिरण्याचे बळ येईल. आपला माल एक दिवस उशिरा येईल, फारतर एक दिवसाचे डिमरेज भरावे लागेल. ते परवडणारे आहे.